अमिबाच्या गोतावळ्यात

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे जोरात गेले की देहूरोडच्या आसपास कुजक्या लाकडावर एक पिवळाधमक प्रकार दिसायला लागतो. घोराडेश्वरच्या डोंगरावर वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी, छावणीच्या कुंपणालगत साठलेल्या पाल्यापाचोळ्यात, कारखान्यांतून निघालेली लाकडी पॅलेटं भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात भिजत पडलेली असतात त्यांच्यावरही. सकाळी कुणी पिठलं सांडून गेल्यासारखा दिसतो. संध्याकाळी पाहावं तर तो जागेवरून वीतभर सरकलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत त्याची खरखरीत, ठिसूळ खपली होते, आणि काडीने ती फोडली की आतून काळसर भुकटी उडते. याचं नाव फुलिगो सेप्टिका. श्लेष्मकवक म्हणून जो मोठा गट ओळखला जातो, त्यातला हा सगळ्यात सहज सापडणारा.

हे पुस्तक या गटाबद्दल आणि त्याच्या नात्यातल्या अमिबांबद्दल आहे. त्यांची रूपं, रंग, सापडण्याच्या जागा हे सगळं पुढच्या प्रकरणांत येईल. प्रस्तावनेत एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे: यांचं कूळ कोणतं? या प्रश्नाचं उत्तर अडीचशे वर्षांत अनेकदा बदललं, आणि गेल्या तीस वर्षांत जनुकांच्या पुराव्याने ते असं पालटलं की जुन्या पाठ्यपुस्तकातला 'श्लेष्मकवके' हा धडा आज एका जागी ठेवताच येत नाही.

आधी तो सरकणारा पिवळा थर नीट पाहू. त्याला प्लाझ्मोडियम म्हणतात. तो आकाराने हातभर पसरला तरी एकच पेशी असते. आत केंद्रकं मात्र लाखोंनी. प्रयोगशाळेत वाढवायला सोपा असा याचा भाऊबंद म्हणजे फायसेरम पॉलिसेफॅलम. काचेच्या बशीत आगरवर ओटच्या पोह्यांचे चार दाणे टाकून त्याला सोडलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्याच्या शिरांमधून पेशीद्रव वाहताना दिसतो. एका दिशेने वेगात वाहतो, मंदावतो, क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. असं मिनिटा-दीड मिनिटाच्या लयीत अखंड चाललेलं असतं. ज्या बाजूला अन्न, त्या बाजूला दर खेपेस थोडा जास्त द्रव जातो, आणि सगळा जीव तिकडे सरकतो. जीवाणू, यीस्ट, बीजाणू वाटेत येतील ते गिळत जातो. बुरशी असं कधीच करत नाही. बुरशीच्या पेशीला भिंत असते. ती पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते. गिळणं हे अमिबाचं काम.

अन्न संपलं, ओल कमी झाली की हाच जीव पार वेगळं रूप घेतो. थर ठिकठिकाणी गोळा होतो आणि त्यातून नाजूक देठांवर बीजाणूंच्या पिशव्या उभ्या राहतात. स्टेमोनायटिसच्या पिशव्या तपकिरी, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच, दाटीने उभ्या. ट्रिकियाच्या पिवळ्या, चकचकीत. लायकोगालाच्या गुलाबी गोळ्या, ज्या टोचल्या तर सुरुवातीला गुलाबी लगदा येतो. भिंगातून यांच्याकडे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा भिंगाशिवाय डोंगरावर जात नाही. या अवस्थेत मात्र ते हुबेहूब बुरशीसारखे दिसतात, आणि अभ्यासकांच्या हाती पडायचे ते याच अवस्थेत, वाळलेले, पाकिटात घातलेले.

म्हणून लिनियसने १७५३ साली लायकोगालाला भुईफोडांच्या लायकोपर्डॉन या वंशात घातलं. एलियास फ्रीसने १८२९ मध्ये त्यांचा वेगळा गट केला, पण ठेवला बुरशांमध्येच. पहिला धक्का दिला जर्मनीच्या आंटोन द बारीने. त्याने बीजाणू पाण्यात रुजवले आणि काय बाहेर येतं ते धीराने पाहिलं. बुरशीच्या बीजाणूतून तंतू फुटतो; इथे भिंत फोडून अमिबा बाहेर आला. १८५९ साली त्याने या जीवांना मायसेटोझोआ, म्हणजे बुरशीसारखे प्राणी, असं नाव देऊन त्यांना वनस्पतींच्या राज्यातून बाहेर काढलं. केवळ रूप न पाहता सगळं जीवनचक्र पाहिल्यामुळे त्याला हे उमगलं. माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोठं पाऊल तेच होतं. जनुकांनी पुढे जे सांगितलं त्याचा अर्धा भाग एका माणसाने पाण्याच्या थेंबात पाहून ठेवला होता.

तरीही पुढची शंभर वर्षं हे जीव दोन घरांत राहिले. वनस्पतिशास्त्राच्या विभागात ते बुरशांबरोबर शिकवले गेले, कारण त्यांचे नमुने बुरशांच्या संग्रहांत होते आणि ते गोळा करणारी माणसं बुरशीतज्ज्ञ होती. प्राणिशास्त्राच्या विभागात अमिबा हा वेगळाच धडा होता. दोन वर्गखोल्यांत एकाच कुटुंबाचे दोन तुकडे शिकवले जात आणि एका खोलीतल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या खोलीची खबर नसे. रॉबर्ट व्हिटेकरने १९६९ साली पाच सृष्टींची जी मांडणी केली तिच्यातही श्लेष्मकवकं बुरशांच्याच सृष्टीत होती. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ती आता प्रोटिस्टांमध्ये आहेत. पदवीला गेलेल्या मुलाला मात्र तीच पुन्हा कवकशास्त्राच्या पेपरात भेटतात.

आपल्याकडचं काम याच परंपरेतलं, आणि ते कसोशीने झालेलं आहे. के. एस. थिंद यांचा भारतातल्या मिक्सोमायसिटांवरचा, म्हणजे प्लाझ्मोडियम करणाऱ्या श्लेष्मकवकांवरचा, ग्रंथ १९७७ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढला. टी. एन. लखनपाल आणि के. जी. मुखर्जी यांचा वर्गीकरणावरचा ग्रंथ १९८१ चा. पुण्यात शं. पु. आघारकरांच्या पुढाकाराने १९४६ साली उभी राहिलेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजे आजची आघारकर संशोधन संस्था, हे बुरशांच्या अभ्यासाचं देशातलं एक मोठं ठाणं. तिथला बुरशांचा संग्रह अजरेकरांच्या नावाने ओळखला जातो. पुणे परिसरातल्याच रानडे, कोरडे, जगताप आणि रानडिवे या अभ्यासकांनी २०१२ साली भारतात नोंदलेल्या मिक्सोमायसिटांची यादी एकत्र करून प्रसिद्ध केली. विखुरलेल्या नियतकालिकांतल्या नोंदी एकेक करून जमवणं हे अतिशय कष्टाचं आणि कौतुकाच्या वाट्याला कमी येणारं काम आहे. त्या यादीशिवाय आज कुणालाही पुढचं पाऊल टाकता येणार नाही. या सगळ्या नोंदी प्रामुख्याने रूपावर बेतलेल्या आहेत: देठ, पिशवी, आतल्या तंतूंची जाळी, चुन्याचे कण, बीजाणूंवरचे काटे.

आता दुसऱ्या प्रकारच्या श्लेष्मकवकांकडे येऊ. १८६९ साली ओस्कार ब्रेफेल्डला शेणावर डिक्टिओस्टेलियम सापडलं. हे जीव मातीत सुटे अमिबा म्हणून जगतात, जीवाणू खातात. उपासमार सुरू झाली की त्यातले काही सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडतात. शेजारचे त्या दिशेने सरकतात आणि स्वतःही तेच रसायन सोडतात. हजारो, कधी लाखभर अमिबा प्रवाहासारखे एका जागी जमतात, त्यांची एक सूक्ष्म गोगलगाय होते, ती उजेडाकडे चालते आणि शेवटी देठावर बीजाणूंचा मणी उभा राहतो. देठ होणाऱ्या पेशी, साधारण पाचातली एक, मरतात. बाकीच्या बीजाणू होऊन उरतात. फुलिगोसारखं इथे पेशी विरघळून एक होत नाहीत. प्रत्येक अमिबा आपापल्या पेशीपटलाआड राहतो. केनेथ रेपरने १९३५ मध्ये वर्णन केलेली डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम ही जाती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या आणि संतोष साठे यांनी सहकाऱ्यांसह मुदुमलैच्या जंगलातले असे नमुने घेऊन त्यांची जनुकीय ओळख पटवली. २०१० साली त्यांनी दाखवलं की रानात एकाच देठावर उभ्या राहिलेल्या पेशी अनेकदा एका आईच्या नसतात; वेगवेगळ्या वंशाचे अमिबा एकत्र येतात. मग दुसऱ्यासाठी देठ होऊन मरणारा कोण आणि का, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. असे प्रश्न जनुकं वाचल्याशिवाय विचारताच येत नाहीत.

हे दोन प्रकार, सरकणारे थर आणि जमणारे अमिबा, एकमेकांचे कोण? आणि दोघं मिळून प्राण्यांच्या, वनस्पतींच्या, बुरशांच्या मानाने कुठे?

याचं उत्तर शोधताना पहिल्यांदा जो पुरावा हाती आला त्याने दिशाभूल केली, आणि ती हकिगत तपशिलाने सांगण्यासारखी आहे. प्रत्येक पेशीत प्रथिनं घडवणारा रायबोसोम असतो. त्याच्या लहान तुकड्यासाठीचं जनुक, ज्याला १८ एस म्हणतात, सगळ्या सकेंद्रक जीवांत असतं. पिढ्यान् पिढ्या नक्कल होताना त्यात बारीक चुका साठत जातात. दोन जीवांमधल्या चुका मोजल्या की ते किती काळापूर्वी वेगळे झाले याचा अंदाज येतो. १९८०च्या दशकात फायसेरम आणि डिक्टिओस्टेलियम या दोघांचं हे जनुक वाचून झालं आणि वंशवृक्षावर ते दूरदूर पडले. दोन्ही बुडाजवळ, पण एकत्र नाहीत. निष्कर्ष निघाला की श्लेष्मकवक नावाचा गटच नाही, हे सगळं रूपाचं साम्य आहे. प्रत्यक्षात फायसेरमच्या या जनुकात बदल फार भराभर झालेले होते. ज्या फांदीवर बदल खूप साठले ती फांदी लांब दिसते, आणि लांब फांद्या गणितात एकमेकींकडे आणि बुडाकडे ओढल्या जातात. अंतर जास्त दिसलं म्हणून काळ जास्त गेला असं धरलं, तिथे चूक झाली.

सँड्रा बाल्डॉफ आणि फोर्ड डूलिटल यांनी १९९७ साली दुसरं जनुक घेतलं, प्रथिन लांबवत नेणाऱ्या ईएफ-१ अल्फा या घटकाचं. हे जनुक सावकाश बदलतं. त्यात दोन्ही प्रकारची श्लेष्मकवकं एकत्र आली, आणि त्यांचं स्थान प्राणी आणि बुरशी यांच्या जवळ निघालं. म्हणजे १८ एसच्या साक्षीवर वेगळे काढलेले हे दोन प्रकार पुन्हा एकत्र बसले. थॉमस कॅव्हेलियर-स्मिथने पुढच्याच वर्षी अमिबोझोआ हा विशाल गट मांडला. २००५ साली डिक्टिओस्टेलियमचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, सुमारे साडेबारा हजार प्रथिनांची तरतूद असलेला, आणि २०१७ मध्ये तीनशेहून अधिक जनुकं एकत्र वापरून या गोतावळ्याच्या मुख्य शाखा निश्चित करण्यात आल्या. एका जनुकाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, हा नियम या शास्त्राने असा अनुभवातून शिकला. अजून एक विलक्षण गोष्ट: फायसेरमच्या मायटोकाँड्रियातल्या जनुकांची नक्कल निघताना मूळ डीएनएत नसलेली अक्षरं मध्ये घातली जातात, हे १९९१ साली कळलं. तिथलं डीएनए नुसतं वाचून प्रथिनाचा मजकूर लागत नाही. या जीवांच्या जनुकांवर डोळे झाकून भिस्त ठेवणाऱ्याने एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

मग श्लेष्मकवकांच्या जुन्या धड्यातून बाहेर कोण गेलं? पुष्कळ जण गेले. ॲक्रेसिस हा डिक्टिओस्टेलियमसारखाच अमिबा जमवून देठ उभारणारा जीव निघाला नेग्लेरियाच्या कुळातला, म्हणजे साचलेल्या कोमट पाण्यातून नाकावाटे मेंदूत शिरून जीव घेणाऱ्या अमिबाच्या नात्यातला. डिक्टिओस्टेलियमशी त्याचं रक्ताचं नातं तुमचं-आमचं पिंपळाशी आहे तितकंच लांबचं. फॉन्टिक्युला आल्बा २००९ साली थेट बुरशांच्या सख्ख्या शेजारी जाऊन बसली. शेणावरचं गट्युलिनॉप्सिस २०१२ मध्ये रायझेरिया या तिसऱ्याच शाखेत गेलं. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा प्लाझ्मोडिओफोरा, ज्याला आम्ही पदवीला श्लेष्मकवक म्हणूनच शिकलो, तोही रायझेरियातच. आणि अगदी साधे, एका पेशीचा एक देठ उभारणारे प्रोटोस्टेलिड, ज्यांना बाकीच्यांचे पूर्वज समजलं जाई, ते अमिबोझोआभर विखुरलेले आहेत असं २००९ मध्ये दिसून आलं.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. ओल्या मातीत राहणाऱ्या इवल्या जीवापुढे एकच अडचण असते: इथलं अन्न संपलं, बीजाणू दुसरीकडे पोहोचवायचे कसे? जमिनीला चिकटलेल्या पाण्याच्या थरातून वर, हवेत उठणं हाच उपाय. एकमेकांशी काही नातं नसलेल्या अनेक घराण्यांनी तो आपापल्या परीने शोधला. रूप पाहून आपण जे ओळखत होतो ते कूळ नव्हतं, अडचण होती. म्हणून रूपाचा अभ्यास फुकट गेला असं मुळीच होत नाही. तो आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पण वर्गीकरण कुळावरच व्हायला हवं, कारण कूळ कळलं तरच त्या जीवाबद्दल न पाहिलेली गोष्टही अंदाजाने सांगता येते.

याचा अर्थ घरातल्या उदाहरणाने कळेल. आमांश घडवणारा एन्टअमीबा हिस्टोलिटिका आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत. त्याला मायटोकाँड्रिया दिसत नव्हते, म्हणून तो अतिप्राचीन, मायटोकाँड्रिया मिळण्याआधीचा जीव असावा असं मानलं जाई. १९९९ मध्ये त्याच्यात मायटोकाँड्रियाचे अवशेष सापडले, आणि २००२ साली शंभराहून अधिक जनुकांच्या तुलनेत तो डिक्टिओस्टेलियमच्या नात्यातला ठरला. म्हणजे त्याने मायटोकाँड्रिया गमावलेले आहेत. आतड्यातला हा परजीवी आणि घोराडेश्वरच्या मातीतला देठ उभारणारा अमिबा हे एका शाखेचे. त्याहून व्यवहाराची गोष्ट १९९३ ची: ज्याला सगळे हिस्टोलिटिका म्हणत होते त्यात रूपाने तंतोतंत सारख्या दोन जाती आहेत हे मान्य झालं. एक आजार घडवते. दुसरी, एन्टअमीबा डिस्पार, आतड्यात निमूट राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींचे कोष सारखेच दिसतात. फक्त डिस्पार असेल तर उपचाराची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्ये सांगितलं. शौचाच्या तपासणीत 'अमिबाचे कोष आढळले' एवढ्यावरून मेट्रोनिडाझोलचा कोर्स घेतलेली माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. वर्गीकरण हा संग्रहालयातल्या पाकिटांचा विषय आहे असं वाटणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावं.

गटांच्या आतही फेरमांडणी झाली, ती थोडक्यात सांगतो. डिक्टिओस्टेलियमच्या नातलगांत देठ फांदीदार आहे की नाही, देठात पेशी आहेत की तो पोकळ आहे, यावरून तीन वंश केलेले होते. पॉलिन शाप आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की खरे गट चार आहेत आणि ते जुन्या तीन वंशांना आडवे छेदून जातात. २०१८ मध्ये त्यांचे बारा वंश झाले; काहींना रेपर, कॅव्हेंडर या अभ्यासकांची नावं मिळाली. मिक्सोमायसिटांत मोठी फाळणी बीजाणूंच्या रंगाची निघाली: उजळ बीजाणूंचे एका बाजूला, काळपट बीजाणूंचे दुसऱ्या. हा रंग साध्या डोळ्यांना दिसतो, जुन्या अभ्यासकांनीही तो टिपलेला होता, आणि इथे रूप आणि जनुक एकमताने बोलतात. दिमित्री लिओन्तिएव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यावर नवी वर्गवारी उभारली. जातींच्या पातळीवर मात्र गुंता वाढला. ट्रिकिया व्हेरिया ही एक जाती म्हणून ओळखली जाई. २०१५ मध्ये तिच्यात आपसात संकर न होणारे तीन स्वतंत्र गट आढळले. लायकोगाला एपिडेन्ड्रम या एका नावाखाली तर कितीतरी जाती दडलेल्या निघाल्या.

यामुळे आपल्याकडच्या जुन्या नोंदींचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. मावळात कुणी 'लायकोगाला एपिडेन्ड्रम' लिहून ठेवलं असेल तर ते खोटं नाही. युरोपातल्या पाकिटाशी ते रूपाने जुळलं, एवढंच त्या नावाने सांगितलं. सह्याद्रीच्या पावसात वाढणारी ती जाती तीच आहे का, हे तिची जनुकं वाचल्यावरच ठरेल. पुण्यासारख्या, जनुकं वाचण्याच्या सोयी असलेल्या शहराच्या तासाभराच्या अंतरावर हे जीव दर पावसाळ्यात उगवतात. ते काम इथल्या विद्यार्थ्यांनी करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं मुख्य कारणही तेच.

ज्यांना सुरुवात करायची त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या सूचना. उन्हाळ्यातही नमुने मिळतात: जिवंत झाडाची वाळकी साल आणायची, बशीत गाळणकागदावर ठेवून ती बुडेल इतकं पाणी घालायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी ओतून टाकायचं आणि झाकण लावून रोज भिंगाने पाहत राहायचं. काही दिवसांतच सालीवर मिलिमीटरहून लहान पिशव्या उभ्या राहतात. नमुना वाळवताना ऊन किंवा बुरशीनाशक वापरू नये. सावलीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरडा करावा, तर त्यातलं डीएनए पुढे कामाला येतं. पाकिटावर जागा, तारीख, आणि कोणत्या झाडाची साल किंवा लाकूड हे लिहिल्याशिवाय नाव लिहू नये. नाव बदलेल, या तीन गोष्टी बदलणार नाहीत.

पुस्तकाच्या रचनेबद्दल शेवटी सांगायला हवं. श्लेष्मकवकांची नावं आजही शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिली जातात. कूळ अमिबांचं असलं तरी कायदा जुन्याच घरचा चालतो, आणि नावं स्थिर राहावीत म्हणून ते योग्यही आहे. आम्ही नवी नावं वापरली आहेत, जुनी सूचीत दिली आहेत. आधी उजळ बीजाणूंचे मिक्सोमायसिट, मग काळपट बीजाणूंचे, मग सेरॅटिओमिक्सा आणि तिचे आप्त, त्यानंतर डिक्टिओस्टेलिड. एन्टअमीबाला त्याच भागात स्वतंत्र प्रकरण आहे. ॲक्रेसिस, फॉन्टिक्युला, गट्युलिनॉप्सिस आणि प्लाझ्मोडिओफोरा यांना परिशिष्टात ठेवलं आहे, प्रत्येकाच्या खऱ्या कुळाच्या नावाखाली. परीक्षेच्या जुन्या पुस्तकात ते अजून एकाच धड्यात सापडतील म्हणून त्यांना पूर्ण वगळलेलं नाही.